मूत्रपिंड खरेच गाळणी आहे का?
वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

शरीर नको असलेले पदार्थ बाहेर कसे टाकते, या विषयावर गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांतली निवडक पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रे वेगवेगळ्या गावांहून आलेली असली, तरी बहुतेकांच्या मनात एकच चित्र दिसते: शरीरात कुठेतरी एक गाळणी बसवलेली आहे, तिच्यात कचरा साठतो आणि ती अधूनमधून धुवून काढावी लागते. हे चित्र कुठे चुकते, ते पहिल्या पत्राच्या निमित्ताने सविस्तर सांगितले आहे. त्यामुळे ते उत्तर लांबले आहे.

प्रश्न : मी विज्ञानाचा निवृत्त शिक्षक आहे. ‘वृक्क म्हणजे शरीराची गाळणी’ असे तीस वर्षे मुलांना शिकवले. परवा नातीने विचारले, “आजोबा, आपली चहाची गाळणी चोथ्याने भरते आणि झटकावी लागते. मग किडनीतला चोथा कोण झटकतं?” मला उत्तर देता आले नाही. (कराड)

उत्तर : आपल्या नातीने उपमेतला नेमका दोष पकडला आहे. चहाच्या गाळणीत नको ती वस्तू वर अडकते आणि हवी ती खाली उतरते. मूत्रपिंडात याच्या उलट घडते. तिथे वर अडकतात त्या रक्तपेशी आणि अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिने, म्हणजे शरीराला हव्या असलेल्याच वस्तू. आणि खाली उतरते त्यात युरिया, क्रिएटिनिन असे टाकाऊ पदार्थ असतात, पण साखर, मीठ, अमिनो आम्ले आणि भरपूर पाणीही असते. पहिल्या पायरीवर निवड जवळजवळ होतच नाही. जे पुरेसे लहान आहे ते सगळे खाली, एवढाच तिथला नियम आहे.

आकडे पाहिले म्हणजे या कारभाराचा आवाका कळतो. मुठीएवढ्या प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी १० लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारी सूक्ष्म एकके, असतात. हृदय दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त बाहेर ढकलते आणि त्यातला साधारण पाचवा हिस्सा या दोन छोट्या अवयवांकडे जातो. प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा जो गुंता असतो, त्याला पाठ्यपुस्तकात ग्लोमेरुलस म्हणतात. अशा सगळ्या गुंत्यांमधून मिळून मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर द्रव झिरपतो. दिवसाचा हिशेब १८० लिटरच्या घरात जातो. आपल्या शरीरात रक्तद्रव असतो जेमतेम ३ लिटर, म्हणजे तोच द्रव दिवसातून साठ वेळा गाळला जातो. या १८० लिटरांबरोबर साधारण १८० ग्रॅम साखर आणि दीड किलो मीठ खाली उतरते. हे सगळे तसेच वाहून गेले असते, तर अर्ध्या तासाच्या आत रक्तातला द्रवच संपला असता.

प्रत्यक्षात दिवसाला लघवी होते दीड लिटरच्या आसपास. उरलेले ९९ टक्के पाणी, जवळजवळ सगळे मीठ आणि निरोगी माणसात अक्षरशः सगळी साखर नेफ्रॉनच्या लांब, वळणावळणाच्या नळीतून परत रक्तात घेतली जाते. दिवाळीच्या आधी आपण माळा कसा साफ करतो ते आठवावे. माळ्यावर चढून एकेक निरुपयोगी वस्तू शोधत कोणी बसत नाही. सगळे सामान खाली अंगणात काढायचे, हवे ते निवडून पुन्हा वर ठेवायचे आणि जे उरेल ते भंगारवाल्याला द्यायचे. मूत्रपिंड वर्षातून एकदा नव्हे, तर दिवसातून साठ वेळा हेच करते. या उचलठेवीला ऊर्जा फार लागते. शरीराच्या वजनाचा अर्धा टक्काही नसलेली ही जोडी विश्रांतीच्या वेळी शरीर वापरत असलेल्या प्राणवायूपैकी सुमारे ७ टक्के प्राणवायू वापरते, आणि त्यातला मोठा वाटा मीठ परत उचलण्यात खर्च होतो.

हा उद्योग उधळपट्टीचा वाटेल, पण त्यात एक मोठी सोय आहे. काय काय घातक आहे याची यादी मूत्रपिंडाला पाठ करावी लागत नाही. हव्या असलेल्या वस्तूंची यादी ठरलेली आणि आटोपशीर आहे. जे त्या यादीत नाही ते आपोआप बाहेर जाते, मग तो पदार्थ कालपर्यंत पृथ्वीवर अस्तित्वात नसलेले एखादे रसायन का असेना. काही पदार्थ तर नळीच्या पेशी रक्तातून मुद्दाम खेचून लघवीत सोडतात. पेनिसिलिन हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. १९४१ साली ऑक्सफर्डमध्ये हे औषध पहिल्यांदा रुग्णाला दिले गेले, तेव्हा ते इतके दुर्मीळ होते आणि लघवीवाटे इतक्या वेगाने निघून जात होते, की रुग्णाची लघवी जमवून त्यातून ते पुन्हा काढून घ्यावे लागे.

परत घेण्याच्या या कामावरच मधुमेहाच्या औषधांचा एक गट बेतलेला आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी ज्यांची नावे असतात, ती औषधे नळीतले साखर उचलणारे पंप काही प्रमाणात बंद पाडतात आणि साखर लघवीवाटे जाऊ देतात. पुढे असे दिसून आले की ती मूत्रपिंडालाही जपतात, आणि आता मधुमेह नसलेल्या काही मूत्रपिंडरुग्णांनाही ती दिली जातात.

राहिला चोथ्याचा प्रश्न. ग्लोमेरुलसच्या जाळीत काहीच अडकत नाही असे नाही. पण तिथे मेसँजियल नावाच्या पेशी असतात. जाळीपाशी साचणारा गाळ त्या गिळून टाकतात, आणि जाळीचा पडदाही हळूहळू नव्याने विणला जात असतो. तेव्हा नातीला सांगायला हरकत नाही की ही गाळणी झटकणारी माणसे गाळणीतच राहतात. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की याच पेशींची आणि पडद्याची घडण बिघडते, आणि आजवर वर अडकणारे अल्ब्युमिन खाली उतरू लागते. या अल्ब्युमिनचा विषय पुढे नाशिकच्या पत्रात पुन्हा येईल.

प्रश्न : उन्हाळा सुरू झाला की मला गर्द पिवळी लघवी होते. घरचे म्हणतात अंगात उष्णता आहे; मोबाइलवर येणारे सल्ले सांगतात की शरीरात विष साठले आहे, रोज ४ लिटर पाणी प्या. खरे काय? (नागपूर)

उत्तर : लघवीचा पिवळा रंग विषाचा नसून जुन्या रक्ताचा आहे. तांबड्या रक्तपेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. म्हाताऱ्या झालेल्या पेशी मुख्यतः प्लीहेत आणि यकृतात मोडल्या जातात, त्यांतले लोह जपून ठेवले जाते, आणि लोह काढून घेतल्यावर उरलेल्या भागापासून आधी हिरवे बिलिव्हर्डिन व मग पिवळे बिलिरुबिन तयार होते. मुका मार लागलेली जागा आधी काळीनिळी, मग हिरवट आणि शेवटी पिवळी पडते, ती याच रसायनांमुळे. बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून यकृत त्याला एका आम्लाची जोड देऊन विरघळणारे बनवते आणि पित्तावाटे आतड्यात सोडते. तिथले जीवाणू त्याचे रूप पुन्हा बदलतात. त्यातला थोडा भाग रक्तात शिरून मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो आणि लघवीला पिवळेपणा देतो. उरलेल्या भागापासून मळाचा तपकिरी रंग बनतो. जीवाणूंमधले कोणते विकर हे काम करते, ते २०२४ साली उमगले. इतकी रोजची गोष्ट आणि इतका उशीर, याची गंमत वाटते.

असे हे रंगद्रव्य रोज साधारण तेवढेच तयार होते. उन्हाळ्यात घामावाटे पाणी जाते, मूत्रपिंड पाणी राखून ठेवते, आणि तेवढेच रंगद्रव्य कमी पाण्यात विरघळल्यामुळे लघवी गर्द दिसते. मूत्रपिंड लघवी रक्ताच्या सुमारे चौपट दाट करू शकते, त्यामुळे दिवसभराचा टाकाऊ माल बाहेर काढायला त्याला किमान अर्धा लिटर तरी पाणी लागतेच. त्याहून कितीतरी जास्त पाणी प्यायल्याने युरिया अधिक ‘धुतला’ जात नाही. जेवढा तयार होतो तेवढाच जातो, फक्त पातळ होऊन जातो. निरोगी माणसाने तहान आणि लघवीचा रंग यांकडे लक्ष ठेवावे. रंग फिकट पिवळा असला की पुरे. ज्यांना मूतखडा होऊन गेला आहे, त्यांनी मात्र दिवसाला किमान दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. उलट हृदय किंवा मूत्रपिंड अशक्त असलेल्यांना हाच ४ लिटरांचा सल्ला घातक ठरू शकतो.

बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने लघवी भडक पिवळी होते, क्षयरोगाच्या रिफाम्पिसिनने नारिंगी होते, बीट खाल्ल्याने काहींची लाल होते. यांत घाबरण्याचे कारण नाही. लघवी चहासारखी काळपट आणि त्याच वेळी मळ पांढरट मातकट झाला, तर मात्र पित्ताची वाट अडल्याची शक्यता असते आणि त्या दिवशीच डॉक्टरांना दाखवावे. उन्हाळी लागणे, म्हणजे लघवीला जळजळ होणे, ही वेगळी तक्रार आहे. ती जळजळ टिकली किंवा ताप आला, तर लघवी तपासून घ्यावी.

प्रश्न : माझे बाळ तिसऱ्या दिवशी पिवळे दिसू लागले. रुग्णालयात त्याला निळ्या दिव्याखाली ठेवले. सासूबाई म्हणतात, कोवळ्या उन्हात धरले असते तरी चालले असते. (कुडाळ)

उत्तर : सासूबाईंच्या म्हणण्याला इतिहासाचा थोडा आधार आहे. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात १९५६ साली सिस्टर वॉर्ड यांच्या लक्षात आले की उन्हात नेलेल्या बाळाची उघडी त्वचा फिकी पडते आणि झाकलेली पिवळीच राहते. त्या निरीक्षणातून १९५८ साली प्रकाशोपचार पुढे आला. नागपूरच्या उत्तरात सांगितलेली, बिलिरुबिनला आम्लाची जोड देण्याची क्रिया घडवणारे विकर नवजात बाळाच्या यकृतात पुरेसे तयार झालेले नसते. निळा प्रकाश त्वचेतल्या बिलिरुबिनच्या रेणूचा आकारच बदलतो, आणि बदललेला रेणू यकृताच्या मदतीवाचून बाहेर पडू शकतो. उन्हात हा प्रकाश असतो, पण तो किती मिळाला ते मोजता येत नाही आणि बाळ भाजण्याचा किंवा गारठण्याचा धोका राहतो, म्हणून दिवा. पहिल्या चोवीस तासांतच कावीळ दिसली, बाळ दूध ओढेनासे झाले किंवा सुस्त पडले, तर घरी थांबू नये. वाढलेले बिलिरुबिन मेंदूला कायमची इजा करू शकते.

प्रश्न : मी रोज सकाळी दुधीचा रस आणि गुळवेलीचा काढा घेतो. ‘लिव्हर डिटॉक्स’साठी आणखी काय घ्यावे? पोट साफ झाले नाही की रक्तात विष जाते, हे खरे का? (पुणे)

उत्तर : आणखी काही घेण्याआधी, घेत आहात त्याचा विचार करू.

यकृत विष साठवून ठेवणारे भांडार नाही, त्यामुळे ते रिकामे करण्याचाही प्रश्न येत नाही. त्याचे काम रूपांतराचे आहे. प्रथिनांपासून निघणारा अमोनिया मेंदूला घातक असतो. यकृत त्याचा निरुपद्रवी युरिया बनवते आणि मूत्रपिंड तो बाहेर टाकते. पण प्रत्येक रूपांतर सुखाचे नसते. साध्या पॅरासिटामॉलचा थोडा अंश यकृतातच मूळ औषधाहून घातक अशा पदार्थात बदलतो, आणि ग्लुटाथायोन नावाचा दुसरा रेणू त्याला लगेच निष्प्रभ करतो. ठरलेल्या मात्रेत हे विनासायास चालते. मात्रा फार झाली की ग्लुटाथायोन संपते आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. म्हणजे शरीरात गेलेला प्रत्येक जादा पदार्थ, मग तो रस असो, काढा असो की गोळी, यकृताचे काम वाढवतो. कमी करत नाही.

दुधीच्या रसाबद्दल स्पष्टच लिहितो. दुधी, काकडी, दोडका या कुळात कुकुरबिटासिन नावाचे कडू विष कधीकधी तयार होते. कडू दुधीचा रस प्यायल्याने रक्ताच्या उलट्या, जुलाब, रक्तदाब कोसळणे आणि मृत्यूही झाल्याची उदाहरणे आपल्या देशात आहेत, आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने यासाठी तज्ज्ञांची समिती नेमून कडू रस पिऊ नये असा इशारा दिलेला आहे. यावर उतारा नाही. भाजीला दुधी चिरतानाही आपल्या आया-आज्या आधी एक फोड चाखून पाहत आणि कडू लागली तर दुधी टाकून देत. औषध म्हणून घेणारा माणूस मात्र कडू आहे तेच गुणकारी असे समजून डोळे मिटून पितो.

गुळवेलीचे प्रकरण अधिक वादाचे आहे. करोनाच्या साथीत ती घरोघरी घेतली जाऊ लागली. २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी अशा सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला आणि रुग्णांनी घेतलेली वनस्पती नक्की कोणती होती, ते तपासलेले नाही असे म्हटले. पुढे देशातल्या अनेक केंद्रांतून मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद झाली. माझे मत असे, की ज्यांना आधीपासून यकृताचा किंवा थायरॉइडसारखा स्वप्रतिकारशक्तीचा आजार आहे, त्यांनी हा काढा घेऊच नये, आणि इतरांनीही तो कायमचा नाश्ता करू नये. आपण घेत असल्यास यकृताची रक्ततपासणी एकदा जरूर करावी.

पोट साफ न होण्याने निरोगी माणसाच्या रक्तात विष जात नाही. मळाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी असतो. उरलेल्यात जीवाणू आणि न पचलेला चोथा यांचेच प्रमाण अधिक. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. यकृत सिरोसिसने, म्हणजे व्रण धरून कडक होण्याच्या आजाराने, निकामी झाले असेल, तर आतड्यात तयार होणारा अमोनिया युरियात न बदलता मेंदूपर्यंत पोहोचतो, आणि अशा रुग्णाला दोन दिवसांचे बद्धकोष्ठही गुंगीत नेऊ शकते. म्हणूनच सिरोसिसच्या रुग्णांना लॅक्टुलोजचे पातळ औषध देऊन रोज दोन-तीनदा शौचाला होईल असे पाहतात.

प्रश्न : मी वर्षभरात १० किलो वजन कमी केले. ही चरबी शरीरातून नेमकी कुठून गेली? घामातून की शौचावाटे? (ठाणे)

उत्तर : बहुतेक नाकातून! चरबी जळते म्हणजे प्राणवायूशी तिचा संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होते. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांनी अणूंचा हिशेब मांडून दाखवला, की १० किलो चरबीपैकी ८.४ किलो उच्छ्वासातल्या वायूच्या रूपाने बाहेर जाते आणि १.६ किलोचे पाणी होते. फुप्फुसांना आपण उत्सर्जनाच्या यादीत शेवटी बसवतो. वजनाने पाहिले तर कोरड्या टाकाऊ पदार्थांत त्यांचा क्रमांक पहिला लागेल. केवळ जोरजोराने श्वास घेऊन वजन घटत नाही, हेही सांगून ठेवतो. चरबी आधी जळावी लागते.

प्रश्न : माझे भाऊ आणि वहिनी दर हंगामाला ऊसतोडीला जातात. भाऊ म्हणतो, राबणाऱ्याच्या अंगातले विष घामावाटे निघून जाते, त्याला किडनीचा आजार होत नाही. अंग दुखले की दोघेही मेडिकलमधून गोळी आणून घेतात. (बीड जिल्हा)

उत्तर : आपल्या भावाचे म्हणणे खरे असते तर फार बरे झाले असते. घाम ९९ टक्के पाणी असतो. त्यात मीठ आणि किंचित युरिया असतो, पण घामाचे काम अंग थंड ठेवण्याचे आहे, विष काढण्याचे नाही. घाम फार गेला की मूत्रपिंडाकडे जाणारे रक्त कमी होते, म्हणजे राबणाऱ्याच्या मूत्रपिंडावर ताण कमी नाही, जास्त येतो.

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर आणि निकाराग्वा या देशांत पॅसिफिक किनाऱ्याकडे ऊस तोडणाऱ्या, मधुमेह किंवा रक्तदाब नसलेल्या तरण्या पुरुषांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे या शतकाच्या सुरुवातीपासून नोंदवले गेले आहे. आपल्याकडे आंध्र प्रदेशात श्रीकाकुलम जिल्ह्यातल्या उद्दानम भागात शेतकरी आणि शेतमजूर अशाच आजाराने ग्रासलेले आहेत. कारणाबद्दल तज्ज्ञांचे अजून एकमत नाही, पण मध्य अमेरिकेतल्या आजारात दिवसामागून दिवस उन्हात राबणे आणि शरीरातले पाणी कमी होणे याला मोठे स्थान दिले जाते. तिथल्या काही मळ्यांवर आता पाणी, विश्रांती आणि सावली या तीन गोष्टी कामाच्या वेळापत्रकातच बसवल्या आहेत.

गोळ्यांचा मुद्दा मला अधिक काळजीचा वाटतो. पाणी कमी पडले की मूत्रपिंड आपल्याकडे येणारी रक्तवाहिनी प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांच्या जोरावर उघडी धरून ठेवते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नायमेसुलाइड यांसारख्या वेदनाशामक गोळ्या हीच रसायने बंद करतात. गारव्यात बसलेल्या निरोगी माणसाला एखाद्या गोळीने सहसा काही होत नाही. घामाने निथळलेल्या, दिवसभरात तांब्याभर पाण्यावर राहिलेल्या माणसाला तीच गोळी महाग पडू शकते. अंग दुखलेच तर ठरल्या मात्रेत पॅरासिटामॉल त्या मानाने बरे. आणि वहिनींचे जरूर विचारा. फडात आडोसा नसतो, म्हणून अनेक बायका लघवीला जावे लागू नये यासाठी पाणीच पीत नाहीत. तेव्हा त्यांना नुसते ‘पाणी पी’ म्हणून भागणार नाही. तिथे आडोसा करून देण्याची जबाबदारी मुकादमाने आणि कारखान्याने घ्यायला हवी.

प्रश्न : मला दहा वर्षांपासून मधुमेह आहे. क्रिएटिनिन १.१, म्हणजे नॉर्मल आले. तरी डॉक्टर दरवर्षी लघवीतले अल्ब्युमिन तपासायला सांगतात. हा विनाकारण खर्च नाही का? (नाशिक)

उत्तर : नाही. आपले डॉक्टर बरोबर सांगत आहेत.

क्रिएटिनिन हा स्नायूंतून रोज निघणारा टाकाऊ पदार्थ आहे. मूत्रपिंडाचे काम जवळजवळ निम्म्याने घटेपर्यंत रक्तातले त्याचे प्रमाण ठळकपणे वाढत नाही. शिवाय १.१ या आकड्याचा अर्थ माणसागणिक बदलतो. २०२१ साली सुधारलेल्या सूत्राने काढले, तर क्रिएटिनिन १.१ असलेल्या २५ वर्षांच्या तरुणाचा गाळण्याचा वेग मिनिटाला सुमारे ९५ मिलिलिटर येतो आणि तेवढेच क्रिएटिनिन असलेल्या ७० वर्षांच्या आजींचा ५४. प्रयोगशाळेच्या कागदावर दोघांपुढेही ‘नॉर्मल’ छापले जाऊ शकते. हा वेग तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला, तर त्याला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. म्हणून अहवालात ‘ईजीएफआर’, म्हणजे गाळण्याचा हा अंदाजे वेग, मागून घ्यावा.

अल्ब्युमिन याच्याही आधी बोलू लागते. कराडच्या पत्राच्या उत्तरात सांगितलेला पडदा बिघडू लागला, की वेग कमी होण्याच्या बरीच वर्षे आधी अल्ब्युमिन लघवीत उतरते. लघवीतल्या एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन असले तर ठीक. ते त्याहून जास्त वारंवार आले, तर औषधे बदलण्याची वेळ आली असे समजावे. त्या टप्प्यावर ना सूज असते, ना वेदना, ना लघवी कमी होते. एका साध्या तपासणीचा खर्च वाचवण्यासाठी ही संधी घालवू नये.

प्रश्न : बाबांना आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू आहे. पण त्यांना अजून दिवसाला लिटरभर लघवी होते. लघवी होते आहे, मग डायलिसिस कशाला, असे ते सारखे विचारतात. फळे बंद केल्यामुळेही ते चिडले आहेत. (कोल्हापूर)

उत्तर : बाबांचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि तो मला जवळजवळ रोज कोणीतरी विचारते. लघवी किती होते यापेक्षा तिच्यातून काय जाते ते पाहावे लागते. निकामी होत चाललेल्या मूत्रपिंडाची लघवी दाट करण्याची ताकद जाते. पाणी बाहेर पडत राहते, पण युरिया, पोटॅशियम आणि आम्ल पुरेसे जात नाही. तरीही ही उरलेली लघवी मोलाची आहे. ती टिकावी म्हणून वेदनाशामक गोळ्या टाळाव्यात, आणि रोज किती होते ते मोजून केंद्रात सांगावे.

चार तासांचे एक असे तीन डायलिसिस म्हणजे आठवड्याच्या १६८ तासांपैकी १२ तासांचे काम. नेदरलँड्समध्ये नाझींच्या ताब्याच्या काळात, १९४३ साली, विलेम कोल्फ यांनी सॉसेजवर चढवायची सेलोफेनची नळी एका फिरत्या पिंपावर गुंडाळून पहिले उपयोगी यंत्र बनवले. यंत्रे आज कितीतरी सुधारली असली, तरी तत्त्व तेच आहे, पडद्यातून झिरपण्याचे. निवडून परत घेण्याचे काम यंत्राला येत नाही. रक्तपेशी वाढवणारे संप्रेरक बनवणे आणि ड जीवनसत्त्वाला कार्यक्षम करणे, ही मूत्रपिंडाची कामेही त्याला जमत नाहीत. म्हणून त्यांची इंजेक्शने आणि गोळ्या वेगळ्या द्याव्या लागतात. खर्चाची ओढाताण असेल, तर २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत गरीब रुग्णांसाठी मोफत सोय आहे, तिची चौकशी करावी.

फळांवरचा निर्बंध पोटॅशियममुळे आहे. दोन डायलिसिसच्या मधल्या काळात ते रक्तात साठते आणि फार वाढले की हृदयाचे ठोके बिघडवते, तेही आधी काही न जाणवता. शहाळे, केळी, संत्रे, मोसंबीचा रस हे नेहमीचे गुन्हेगार. पण सगळीच फळे बंद करायला नको. सफरचंदाच्या किंवा पेरच्या दोन फोडी, पपईचा लहान तुकडा, हे आहारतज्ज्ञांना विचारून बहुतेकांना देता येते. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळाव्यात आणि ते पाणी ओतून द्यावे. रक्तदाबासाठी चांगले म्हणून विकले जाणारे ‘कमी सोडियमचे’ मीठ घरात आणू नये, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेले असते.

एका फळाला मात्र पूर्ण बंदी हवी, आणि कोकण-गोव्यात नातेवाईक असतील तर ते प्रेमाने पाठवतीलही. करंबळ! कापल्यावर चांदणीसारखी चकती पडते, तेच आंबट फळ. पोर्तुगीजांनी आपल्याच ‘करंबळ’ शब्दावरून त्याला कारांबोला म्हटले आणि ते नाव जगभर गेले. त्यात मेंदूवर परिणाम करणारे एक द्रव्य असते. निरोगी मूत्रपिंड ते सहज बाहेर टाकते. डायलिसिसवरच्या माणसात ते साठते आणि आधी न थांबणारी उचकी, मग भ्रम, झटके आणि कधी मृत्यूही ओढवतो. त्याचेच भावंड असलेल्या बिलिंबीच्या रसात ऑक्झलेट इतके असते, की कोलेस्टेरॉलवर उपाय म्हणून तो भरपूर प्यायलेल्या चांगल्या मूत्रपिंडाच्या माणसांचीही मूत्रपिंडे बंद पडल्याची उदाहरणे केरळात नोंदवली गेली आहेत. बाबांनी चुकून करंबळ खाल्ले आणि उचकी लागली, तर साखर खाऊन किंवा पाणी पिऊन ती थांबण्याची वाट पाहू नका. लगेच डायलिसिस केंद्रात न्या आणि काय खाल्ले ते तिथे गेल्या गेल्या सांगा.